पावतीवाले, पासवाले

चिंचपोकळी स्टेशनच्या पुलावरून पूर्वेला उतरलं की आधी नजरेत भरतात ते फ्लेक्स. ‘सर्व रहिवाशांचे हार्दिक अभिनंदन’ असं मोठ्या अक्षरांत, खाली कमिटीच्या सदस्यांचे फोटो, त्याखाली बिल्डरचं नाव, आणि मागे जिच्या नावानं हे अभिनंदन चाललंय ती चाळ: लोखंडी टेकू लावलेली, भिंतीत पिंपळ रुजलेला, गॅलरीत धुणं वाळत घातलेलं. अभिनंदन कशाचं, तर चाळ पाडायला लागणाऱ्या सह्या पूर्ण झाल्या याचं. लालबागपर्यंत जाईतो असे इतके फ्लेक्स दिसले, की वाढदिवसाचे आणि श्रद्धांजलीचे त्यांत हरवून गेले.

मी कोल्हापूरकडचा. आमच्या आजरा-चंदगड-भुदरगड पट्ट्यात घरटी एक माणूस मुंबईला गिरणीत असायचा, म्हणून गिरणगाव मला मनीऑर्डरीच्या कुपनांवरून आणि मे महिन्यात गावी येणाऱ्या पत्र्याच्या ट्रंकांवरून माहीत होतं. आता ते पायी बघायचं होतं, चिंचपोकळीपासून वरळीपर्यंत. बरोबर एक मित्र होता. त्याचा जन्म लालबागचा, राहणं डोंबिवलीचं. वडील गिरणीत साचेखात्यात.

मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 साली ताडदेवला काढली. पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत भायखळ्यापासून परळ-वरळीपर्यंतचा पट्टा गिरण्यांनी भरून गेला. भोंगा झाला की दारात हजर असायला हवं, म्हणून कामगार गिरणीच्या आसपासच राहिले. जागा कमी आणि माणसं अफाट. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, अहमदनगर, पुणे अशा जिल्ह्यांतून आलेले हे लोक बहुतेक एकटे असत, बायकामुलं गावी. दहा बाय बाराच्या खोलीत वीस-वीस, तीस-तीस जण नांदायचे आणि ते शक्य व्हायचं ते पाळ्यांमुळे. पहिल्या पाळीचा उठून गेला की रात्रपाळीचा त्याच वळकटीच्या जागेवर आडवा. आपल्याला हे दारिद्र्याचं चित्र वाटतं, पण त्यामागे नीट आखलेली व्यवस्था होती.

ती व्यवस्था म्हणजे गावकीची खोली. मित्रानं मला एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर नेलं. एका दारावर गावाच्या नावाची छोटी पाटी आणि खाली ‘ग्रामस्थ मंडळ, मुंबई’. आत तिन्ही भिंतींना छताखाली लाकडी फळ्या, त्यांवर ट्रंका आणि बॅगा, प्रत्येकीवर रंगानं लिहिलेलं आडनाव. कोपऱ्यात ग्रामदैवताचा फोटो, शेजारी भिंतीवर नियमांचा कागद: वर्गणी कधी भरायची, पाहुणा किती दिवस ठेवायचा, दारू पिऊन आल्यास काय. आता तिथं गिरणीवाला कुणी नव्हता. एक जण सिक्युरिटीत, एक कुरिअरमध्ये, एक टाटा हॉस्पिटलात भावाला घेऊन आलेला. गोव्याच्या गावांचे कूड धोबीतलावाच्या बाजूला आहेत, खलाशांसाठी उभारलेले. आमच्या मुलखाच्या या खोल्या त्यांच्या जवळच्या नात्यातल्या. पण कुडांबद्दल बरंच लिहिलं गेलंय आणि यांच्याबद्दल फारसं कुणी लिहिलेलं नाही.

खोलीतल्या सगळ्यात वयस्क माणसाला मी विचारलं, “चाळ पाडणार म्हणतात, मग खोलीचं काय?”

“पावती कोणाच्या नावावर आहे, त्यावर आहे सगळं,” ते म्हणाले. “आमची पावती ज्यांच्या नावावर होती ते वारले. त्यांची नातवंडं आता म्हणतात, खोली आमच्या आजोबांची. अहो, आजोबांचं फक्त नाव लावलं होतं. मालक म्हणाला, मंडळाच्या नावावर पावती फाडत नाही, एका माणसाचं नाव द्या. तेव्हा ते जॉबर होते, वजनदार होते, दिलं नाव. पैसे सबंध गावानं भरले.”

हा पेच एकट्या त्या खोलीचा नाही. आमच्याकडच्या अनेक गावांत ग्रामसभेला जेवढी गर्दी होत नाही तेवढी मुंबईच्या खोलीच्या बैठकीला होते. बिल्डर एका पावतीला एक घर देणार. सव्वाशे घरांच्या गावानं त्या एका घराचं करायचं काय? काही जण म्हणतात विकून शाळेची इमारत बांधू, काही म्हणतात भाड्यानं देऊ, आणि ज्यांचे आजार मुंबईच्या इस्पितळांशिवाय बरे होत नाहीत ते म्हणतात खोली राहू दे. नव्या टॉवरच्या सोसायटीत तीस ट्रंका फळीवर ठेवू देतील का, याचं उत्तर मात्र सगळ्यांना माहीत आहे.

ही ‘पावती’ एवढी भारी कशी झाली ते इथं सांगायला हवं. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्यानं मुंबईतली भाडी जवळजवळ 1940 च्या पातळीवर गोठवली. महिन्याला पाच-दहा रुपये भाडं घेणाऱ्या मालकाला डागडुजी परवडेना, पण भाडेकरूला काढताही येईना. त्यातून पागडी आली: खोली सोडणारा नव्याकडून मोठी रक्कम घेणार, मालक त्यातला हिस्सा घेऊन पावतीवरचं नाव बदलून देणार. नाव भाडेकरूचं, वागणं निम्म्या मालकाचं. चाळी कोसळायला लागल्या तेव्हा 1969 च्या कायद्यानं दुरुस्ती मंडळ आलं, चाळींवर उपकर बसला, आणि या ‘सेस’च्या इमारती सरकारी टेकूंवर तगून राहिल्या. मग विकास नियंत्रण नियमावलीतलं 33(7) हे कलम. लालबागच्या गॅलऱ्यांत ते ‘तेहतीस सात’ म्हणून पाढ्यासारखं पाठ आहे. जुन्या भाडेकरूला नवं घर फुकट द्यायचं, त्या बदल्यात बिल्डरला जादा चटईक्षेत्र मिळणार आणि ते तो बाजारभावानं विकणार. म्हणजे पावतीवाल्याच्या घराचा खर्च वरच्या मजल्यांवर राहायला येणारा अनोळखी माणूस भरतो. जागेचा भाव चढा असेल तोवर हे गणित सुटतं. भाव बसला, बिल्डर बुडाला किंवा दोन भागीदार कोर्टात गेले, की चाळ पाडलेली असते आणि माणसं ट्रान्झिट कॅम्पात. एका मैदानाच्या कडेला पत्र्याच्या कुंपणाआड नुसता खड्डा दिसला, पावसाचं पाणी साचून हिरवा झालेला. मित्र म्हणाला, “इथं माझा बालमित्र राहायचा. आता तो वर्षानुवर्षं भाड्याच्या घरांतून फिरतोय. बिल्डरचे भाड्याचे चेकही कधीच थांबले.”

लालबागच्या गणपतींबद्दल मराठी वाचकाला नवं सांगण्यासारखं थोडं आहे. चिंचपोकळीचा चिंतामणी 1920 चा, गणेश गल्लीचा 1928 चा, लालबागचा राजा 1934 चा. शेवटच्याचा जन्म मात्र जागेच्या भांडणातूनच झालाय हे सहसा विसरलं जातं. 1932 मध्ये पेरू चाळीजवळचा बाजार बंद झाला, उघड्यावर बसणाऱ्या कोळ्यांनी आणि विक्रेत्यांनी कायमची जागा मिळावी म्हणून नवस केला. जागा मिळाली, गणपती बसला. आज रात्र-रात्र रांगेत उभ्या राहणाऱ्यांना तो नवसाचा म्हणून ठाऊक आहे. पहिला नवस बाजाराच्या गाळ्यांसाठी होता, हे फार थोड्यांना.

पुढे दिनशा पेटिट या गिरणीमालकाच्या नावाची गल्ली लागते, पण तिला तसं कुणी म्हणत नाही. नाकात झणका बसला की समजायचं मसाल्याची गल्ली आली. मिरच्यांच्या गोण्या फुटपाथवर उघड्या, बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी. आत डंकांचा दणदणाट. एका दुकानात बाईंनी यादी पुढे केली, तर दुकानदारानं यादी न बघताच विचारलं, “मालवणी की घाटी?” बाई म्हणाल्या, “सासर मालवणी, खाणारा घाटी.” दुकानदार न हसता, “मग खोबरं कमी, लसूण जास्त,” असं म्हणत मोजायला लागला. गिरणगावच्या लोकसंख्येचा सबंध इतिहास त्या दोन वाक्यांत येऊन गेला असं मला वाटलं. गिरण्या गेल्या, पण मसाला कुटायला लोक विरारहून आणि बदलापूरहून इथंच येतात.

मसाल्याचा संबंध खानावळींशी. एकट्या पुरुषांच्या त्या जगात जेवण घालणाऱ्या बाया हा दुसरा उद्योग होता. नवरा वारलेला, सोडून गेलेला किंवा बदली कामगार म्हणून अर्धा महिना घरी बसणारा, अशा बाया वीस-पंचवीस जणांना दोन वेळा जेवू घालायच्या आणि पगार झाला की पैसे घ्यायच्या. तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि या बायांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तारण काहीच नव्हतं. एकमेकींची हमी एवढीच. आजच्या बचत गटांच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. या बायांच्या नावावर पावती क्वचितच असे. बहुतेक पोटभाडेकरू. त्यामुळे चाळ पडली तेव्हा फुकट घरांच्या यादीत त्यांची नावं आली नाहीत. गिरण्यांच्या कुठल्याच हजेरीपटावरही ती नव्हती.

भारतमाता सिनेमाच्या नाक्यावरून डावीकडे करी रोडच्या पुलाकडे वळायचं होतं, पण आधी आम्ही सरळ परळला पोयबावडीपर्यंत जाऊन आलो. कारण तिथली बीआयटी चाळ. 1896 च्या प्लेगनंतर सरकारनं 1898 साली सुधार ट्रस्ट, म्हणजेच बीआयटी, नेमला. त्यानं दाटीच्या वस्त्या पाडल्या आणि बदली चाळी बांधल्या. म्हणजे ‘पाडा आणि बांधा’ हे मुंबईला नवं नाही, सव्वाशे वर्षांची सवय आहे. परळच्या या चाळीत 50 आणि 51 नंबरच्या दोन खोल्यांत 1912 पासून 1934 पर्यंत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं कुटुंब राहिलं. लंडनहून परतलेला बॅरिस्टर आणि मुंबई विधिमंडळाचा सदस्य, आणि पाणी भरायला सार्वजनिक नळ. जवळच्याच दामोदर हॉलमध्ये 1924 साली बहिष्कृत हितकारिणी सभेची सुरुवात झाली.

गिरणीतला जातिभेद कसा होता ते या चाळीसमोर उभं राहून मित्रानं समजावलं, आणि त्यासाठी हाताची मूठ धोट्यासारखी धरून दाखवली. साचेखात्यात, म्हणजे विणकामात, पगार बरा. पण धोट्यातली कांडी संपली की नवीन कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावा लागे. एकाच्या ओठाला लागलेला धोटा दुसऱ्याच्या ओठाला लागणार, म्हणून अस्पृश्य कामगाराला साचेखात्यात शिरू द्यायचे नाहीत. तो कमी पगाराच्या कताईच्या खात्यांत. 1928 च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे केला आणि संपाच्या मागण्यांत तो यावा असा आग्रह धरला. “माझे वडील साचेखात्यात होते,” मित्र म्हणाला, “हे आमच्या घरी अभिमानानं सांगायचे. का सांगायचे ते मला कॉलेजात गेल्यावर समजलं.”

करी रोडचा पूल ओलांडून पश्चिमेला उतरलो की डिलाईल रोड. पाटीवर ना. म. जोशी मार्ग. नारायण मल्हार जोशी यांनी 1911 साली सोशल सर्व्हिस लीग काढली आणि 1920 साली आयटक उभारायला पुढाकार घेतला. दामोदर हॉल त्या लीगचाच. त्यांच्या नावाच्या रस्त्यावर बीडीडी चाळी आहेत: मूळच्या 32 इमारती, तळमजला अधिक तीन, प्रत्येक मजल्यावर 20 खोल्या, म्हणजे इमारतीत 80. मधे लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना दारं, टोकाला सामायिक संडास आणि नळ. खोली 160 चौरस फूट.

या चाळींची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. पहिल्या महायुद्धानंतर कामगारांचे संप वाढले, तेव्हा गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी 1920 मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन केलं. या खात्याची आद्याक्षरं म्हणजेच बीडीडी. बॅकबेचा समुद्र हटवणं आणि कामगारांसाठी 50 हजार खोल्या बांधणं ही त्याची कामं. पैसा उभा करायला शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया कर. समुद्र हटवण्याच्या योजनेचे वीर नरिमन यांनी कोर्टात आणि वर्तमानपत्रांत वाभाडे काढले. खोल्या झाल्या त्या सोळा-साडेसोळा हजार: वरळीत 121 इमारती, नायगावला 42, डिलाईल रोडला 32, शिवडीला 12. एकूण 207. गंमत अशी की ज्यांच्यासाठी बांधल्या ते आधी तिथं यायलाच तयार नव्हते. भाडं जास्त, उजेड कमी, काँक्रीटचा कोंदटपणा. बऱ्याच खोल्या वर्षानुवर्षं रिकाम्या पडल्या, इतक्या की सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या काही चाळींचा सत्याग्रहींसाठी तात्पुरता तुरुंग केला गेला. ज्या खोलीसाठी पुढे तीन-तीन पिढ्या कोर्टात भांडल्या, ती खोली सुरुवातीला कैद्यांना द्यावी लागली होती.

डिलाईल रोडवर जुनं आणि नवं शेजारी दिसलं. काही इमारती गेलेल्या, तिथं क्रेन आणि वर जाणारे मजले; इथल्या पुनर्वसनाच्या इमारती 22 मजल्यांच्या व्हायच्या आहेत. उरलेल्या चाळींत अजून सायकली जिन्याला साखळीनं बांधलेल्या. बीडीडीचं एक वेगळेपण असं, की जमीन सरकारची आणि पुनर्विकास म्हाडाकडे. खाजगी बिल्डर पळून जायची भीती नाही, म्हणून लोक तुलनेनं निर्धास्त. तरीही ‘आधी करार द्या, मग खोली सोडतो’ यावरून इथं बराच काळ घासाघीस चालली. ज्यांना संक्रमण शिबिर नको त्यांना दरमहा 25 हजार रुपये भाडं. त्या भाड्यात डिलाईल रोडच्या आसपास घर मिळणं कठीण, म्हणून तात्पुरतं म्हणून लोक लांब गेले. मुलांच्या शाळा बदलल्या.

लोअर परळ स्टेशनाचा पूल ओलांडला आणि माणसांची जातकुळी बदलली. गळ्यात ओळखपत्रं, कानात इअरफोन. आता ओळीनं गिरण्यांची नावं येतात, पण जेवणाच्या आणि खरेदीच्या संदर्भात. फिनिक्स मिलमध्ये नव्वदच्या दशकाच्या शेवटी बोलिंग ॲली निघाली आणि मग मॉल. कमला मिलमध्ये ऑफिसं आणि हॉटेलं. 29 डिसेंबर 2017 च्या आगीत तिथं 14 जण गेले. त्याच वर्षी सप्टेंबरात जवळच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत 23 जण दगावले. दोन्ही घटनांचं मूळ एकच दिसतं. गिरण्यांच्या आवारात मजल्यांवर मजले चढले, पण भोवतालचे बोळ, पूल आणि जिने भोंग्याच्या काळातले राहिले.

गिरण्यांची जमीन सुमारे 600 एकर. तिची वाटणी कशी झाली हे गिरणगावच्या बाहेर फार कमी लोकांना नीट माहीत आहे. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो मागे घेतल्याची रीतसर घोषणा कधी झालीच नाही. संप विरत गेला, गिरण्या आजारी पडत गेल्या. 1991 च्या नियमावलीतलं कलम 58 म्हणालं: गिरणीची जमीन विकायची तर एक तृतीयांश पालिकेला मैदानांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. 2001 मध्ये या कलमात बदल झाला. वाटणी सगळ्या जमिनीची नाही, फक्त ‘मोकळ्या’ जमिनीची. गिरणी म्हणजे शेडच शेड. मोकळं असणार ते काय? पर्यावरणवादी संस्था कोर्टात गेली, हायकोर्टानं 2005 मध्ये तिच्या बाजूनं निकाल दिला, सुप्रीम कोर्टानं मार्च 2006 मध्ये तो फिरवला. याच सुमाराला राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची मुंबई टेक्स्टाइल मिलची जागा 2005 साली 702 कोटींना गेली, आणि सात वर्षांनी ती पुन्हा विकली गेली तेव्हा भाव होता 2,727 कोटी. दोन व्यवहारांच्या मधे तिथं कापडाचा तागा सोडाच, साधी वीटही फारशी चढली नव्हती.

कामगारांच्या वाट्याला आली ती घरांची सोडत. 1 जानेवारी 1982 ला किंवा त्यानंतर पटावर असलेल्यांनी, किंवा त्यांच्या वारसांनी, अर्ज करायचा. पुरावा म्हणून गिरणीचा लाल पास, हजेरीपत्रक, पगाराची चिठ्ठी, ईएसआयसीचं कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाचा उतारा यांपैकी काहीतरी. अर्ज पावणेदोन लाखांच्या आसपास. 2012 च्या पहिल्या मोठ्या सोडतीत 6,925 घरं निघाली: 225 चौरस फुटांची, साडेसात लाख रुपयांची. पुढच्या सोडती धरूनही घरांचा आकडा पंधरा हजारांच्या थोडा पुढे सरकला, इतकंच. उरलेल्यांना आता शेलू आणि वांगणीची घरं दाखवली जातात, कर्जत मार्गावर. 2025 च्या जुलैत आझाद मैदानात मोर्चा निघाला तो ‘घर मुंबईतच’ या मागणीसाठी.

फिनिक्सच्या फाटकासमोर चहा पिताना मित्रानं हिशेब मांडला. “एकाच साच्यावर काम करणारे दोघे. एकाची बीडीडीत खोली, त्याच्याकडे भाडेपावती. त्याला वरळीत पाचशे फूट, फुकट. दुसरा गावकीच्या खोलीत राहायचा, त्याच्याकडे फक्त लाल पास. त्याला सोडतीत नंबर लागला तर सव्वादोनशे फूट, विकत. नाही लागला तर शेलू. काम सारखंच केलं ना दोघांनी?”

मला या सबंध फेरीत सगळ्यात जास्त चकित केलं ते यानं. मी समजत होतो, गिरणगावात गरीब हरला आणि श्रीमंत जिंकला, एवढी सरळ गोष्ट असेल. तशी ती नाही. कामगारांतच भाग्यवान आणि कमनशिबी अशी फाळणी झाली, आणि ती कष्टावरून, वयावरून, संपात कोण किती टिकलं यावरून नव्हे, तर 1940-50 च्या सुमाराला कुणाच्या आजोबांनी कुठल्या कागदावर नाव लावून घेतलं यावरून. भाडेकरू म्हणून तुमचा शहरावर हक्क आहे, कामगार म्हणून नाही. असा निवाडा कुठल्या कोर्टानं एका वाक्यात दिलेला नाही, पण सगळ्या कलमांची बेरीज तीच येते.

गणपतराव कदम मार्गानं वरळी नाका आणि तिथून जांबोरी मैदान. या मैदानाच्या भोवतालच्या 121 चाळींनी महाराष्ट्राच्या राजकारणात बरंच काही पाहिलंय. 5 जानेवारी 1974 ला दलित पँथरची सभा इथल्या आंबेडकर मैदानावर झाली, दगडफेक झाली, पोलिसांनी मारलं आणि दंगल पेटली. चाळी सरळ दोन गटांत फाटल्या, बौद्धांच्या आणि मराठ्यांच्या. 10 तारखेच्या मोर्चात भागवत जाधव या तरुणाचा वरून टाकलेल्या दगडानं बळी गेला. तेव्हाच्या आठवणी सांगणारे अजून आहेत, आणि आवाज जरा खाली आणून सांगतात.

आता तिथं 40 मजल्यांच्या इमारती उभ्या राहताहेत. भूमिपूजन दोनदा झालं, 2017 मध्ये एका सरकारच्या हातून आणि 2021 मध्ये दुसऱ्या सरकारच्या हातून. 14 ऑगस्ट 2025 ला पहिल्या 556 कुटुंबांना चाव्या मिळाल्या. वरळीत एकूण 9,689 जणांना घरं द्यायची आहेत, म्हणजे सुरुवात पाच-सहा टक्क्यांनी झाली असं म्हणता येईल. चाळींत पोलिसांचीही बरीच कुटुंबं होती, सेवानिवासस्थानं म्हणून; त्यांना घर द्यायचं की नाही यावर वाद होऊन शेवटी 15 लाखांत द्यायचं ठरलं. पावती नव्हती, पण पोलिसांना पासवाल्यांपेक्षा बरा सौदा मिळाला.

मित्राच्या आतेबहिणीला घर मिळालंय, म्हणून आम्हाला वर जाता आलं. लिफ्टमध्ये एक आजोबा बोटानं मजला दाबण्याऐवजी नातवाला “दाब रे” म्हणत होते. घर 500 चौरस फूट, दोन बेडरूम, दोन संडास. ताईंनी आधी संडासच दाखवले, हॉलच्या आधी. “आमच्या मजल्यावर वीस घरांना मिळून जे होतं, ते आता चौघांत दोन,” त्या म्हणाल्या. शहरी लेखक चाळीच्या एकोप्याचे गोडवे गातात, तेव्हा रात्री दोन वाजता बोळाच्या टोकापर्यंत एकटीनं जाणाऱ्या बाईला विचारायचं राहून जातं. त्यांना चाळीची आठवण येते का, असं मी विचारलं. “येते ना. पण परत जायचं नाही.”

मग त्यांनी कपाटातून फाईल काढली. प्लॅस्टिकच्या प्रत्येक कप्प्यात एक कागद: सार्वजनिक बांधकाम खात्याच्या भाडेपावत्या, सासऱ्यांच्या नावावरून नवऱ्याच्या नावावर खोली झाल्याचं पत्र, रेशनकार्डाची झेरॉक्स, वीजबिलं. जुन्या पावत्यांच्या घड्या जिथं फाटल्या होत्या तिथं मागून पारदर्शक टेप. घर मिळालं तरी फाईल टाकून दिलेली नाही. दीर काळाचौकीला पोटभाड्यानं राहायचे, कामाला मात्र भावाच्याच गिरणीत, त्याच खात्यात. त्यांचा अर्ज सोडतीत अजून पडून आहे, त्यांचे कागदही त्यांनी याच फाईलच्या मागच्या कप्प्यात आणून ठेवलेत, “वहिनींच्या हाताला यश आहे म्हणून.”

शेजार सोडतीनं ठरलाय. कुठल्या चाळीतला माणूस कितव्या मजल्यावर हे चिठ्ठीनं निघालं, त्यामुळे जे पूर्वी मैदानाच्या दोन बाजूंना होते ते आता एका लॉबीत समोरासमोर आलेत. हे कुणी धोरण म्हणून आखलं असेल असं वाटत नाही, पण झालंय. ताई म्हणाल्या, “बोलतो की आम्ही. लिफ्ट बंद पडली की जास्तच बोलतो.” खर्चाची चिंता मात्र सगळ्यांनाच आहे. सुरुवातीची काही वर्षं देखभाल म्हाडाकडे. नंतर लिफ्ट, पंप, आगीची यंत्रणा यांचं महिन्याचं बिल खोलीच्या जुन्या भाड्याच्या कितीतरी पट येणार, आणि घरात पेन्शन कुणालाच नाही. काही जणांनी आत्ताच मनात भाव काढून ठेवलाय. विकायला मुभा मिळाली की विकू, पनवेलला दोन घेऊ.

खाली उतरलो तर लॉबीतल्या फळ्यावर नोटीस लागली होती, निळ्या पेनानं, चाळीतल्या फळ्यावर लिहायचे त्याच थाटात. सभेपुढचे विषय चार: पाण्याची वेळ, लिफ्टमध्ये मासळीचे पाणी सांडू नये याबाबत, 14 एप्रिल आणि शिवजयंतीची वर्गणी एकत्र काढावी की वेगवेगळी, आणि गणपती तळमजल्यावर बसवावा की पोडियमवर. खाली कुणीतरी वेगळ्या अक्षरात पाचवा विषय वाढवला होता: ‘सभासदांनी वेळेवर येणे.’